पाणाड्याने नाही म्हटलं तो वैशाख

वैशाख तोंडावर आला की धाड गावात बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला मिरचीच्या रोपांचे ट्रे उतरतात. काळ्या प्लॅस्टिकच्या खाचांतून वर आलेली बोटभर उंचीची रोपं, एकेकाला चार-सहा पानं, आणि वरून टाळू तापवणारं ऊन. विकणारे त्यांच्यावर ओलं गोणपाट धरून बसतात. ट्रे जीपच्या टपावर चढतात, माणसं आत दाटीवाटीने बसतात, आणि जीप निघाली की तेवढ्या कोरड्या हवेतही थोडा वेळ ओलसर वास राहतो. परवा मी तिथं उभा होतो. रोपवाल्याने मला ओळखलं.

"सर, किती काढू?"

"अर्ध्या एकराची."

"बस? पह्यले तर दोन एकर लावत होते तुम्ही!"

"पह्यले लावत होतो," मी म्हटलं.

तो हसला आणि ट्रे मोजायला लागला. त्याचं हसणं साहजिक होतं. दोन एकरांचा अर्धा एकर कसा झाला हे सांगायचं तर त्याला एका जुन्या उन्हाळ्यात घेऊन जावं लागलं असतं, आणि त्याच्यापुढं गिऱ्हाइकांची रांग होती. म्हणून ते इथं सांगतो.

मी आमच्या भागातल्याच एका शाळेत विज्ञान शिकवतो. शेती लता करते, म्हणजे माझी बायको. सातबाऱ्यावर माझं नाव असलं तरी वावराला विचाराल तर ते तिचंच नाव सांगेल. मी रविवारचा शेतकरी. वर्षानुवर्षं मी मुलांना पृथ्वी तापत चालल्याचा धडा शिकवत होतो. त्या धड्यात वितळणारा बर्फ होता, कारखान्यांची धुराडी होती आणि तुटक्या हिमखंडावर एकटं उभं असलेलं पांढरं अस्वल होतं. एकदा एका मुलीने विचारलं होतं, "सर, हे अस्वल कुठं राह्यते?" मी म्हटलं, "लई दूर." तेवढ्यावर तो धडा संपायचा. आमचं वावर, आमची विहीर, आमच्या गावाखालचा नाला त्या धड्यात कुठंच नव्हता, आणि ते मला खटकतही नव्हतं.

त्या उन्हाळ्याच्या आधीचा पावसाळा मात्र मला आजही दिवसागणिक सांगता येतो. मृग कोरडा गेला. आर्द्रा ढग दाखवून गेल्या. मग एका दुपारी आभाळ असं फाटलं की शाळेच्या पत्र्यावरच्या आवाजात मला माझाच शब्द ऐकू येईना. दोन तासांत नाल्याने रस्ता गिळला. चहाच्या रंगाचं पाणी वावरातून पळत होतं आणि त्या पाण्यात आमची माती होती. त्यानंतर महिनाभर काहीच नाही. आभाळ धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ. सोयाबीन माना टाकून उभं. आणि ते काढणीला आलं तेव्हा पुन्हा पाऊस. शेंगांमध्येच दाण्यांना मोड आले. लता मुठीत त्या शेंगा घेऊन घरी आली आणि माझ्यापुढं धरून म्हणाली, "हे पाहा. वावरातच उसळ झाली." ती हसत होती, पण शेंगा तिने मुठीतून खाली टाकल्या नाहीत.

पाऊस कमी झाला असं कुणालाही म्हणता आलं नसतं. तो आला होता, भरपूर आला होता, पण मुरला नव्हता. आमच्या भागातला पाऊस पूर्वी पाहुण्यासारखा यायचा, चार दिवस राहायचा. आता तो दारावरून ओरडत पळून गेला होता.

त्यामुळं चैत्रातच विहिरीचा तळ दिसायला लागला. लताने तरी हिमतीने दोन एकर मिरची लावली. मल्चिंगचा चंदेरी कागद अंथरला, ठिबकच्या नळ्या पसरल्या, एकेका भोकात एकेक रोप. लागवडीच्या दिवशी संध्याकाळी ते सगळं वावर हिरव्या टिकल्या लावल्यासारखं दिसत होतं. आठ दिवसांत मोटार अर्ध्या तासात हवा ओढायला लागली. एकसारखी गुरगुर चाललेली असते, आणि मध्येच घशात काही अडकल्यासारखी ती मोटार फुरफुरते.

आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धुरा लागून माझा चुलतभाऊ प्रल्हाद. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, कष्टाळू, तोंडाने तिखट. तो एका सकाळी मोटारसायकल बांधावर लावून म्हणाला, "दादा, बोरची गाडी अमडापुराकडं आहे. परवा-तेरवा इकडं येऊन राह्यली. एक तुमचा, एक माहा. साडेपाचशे फुटांचे दोन्ही बोर एकदमच मारून घेऊ."

मी हो म्हटलं. विचार करायला काही होतं असं मला वाटलंच नाही. मिरची उभी होती, विहीर आटत होती, जमिनीखाली पाणी होतं. लताची फक्त एक अट होती. "जागा आबा दाखवतीन. त्यायच्याशिवाय नाही."

गणपतआबा आमच्या पंचक्रोशीतला पाणाड्या. कुठं खोदलं तर पाणी लागेल हे सांगणारा माणूस. सत्तरी कधीच ओलांडलेला, सडपातळ, डोक्याला पांढरी टोपी. उजव्या तळहातावर शेंडीचा नारळ आडवा ठेवून तो वावरातून अनवाणी चालायचा, आणि जिथं खाली पाणी असेल तिथं तो नारळ हळूहळू उभा राहायचा. विज्ञानाचा मास्तर म्हणून मी यावर कधी विश्वास ठेवला नाही. शाळेत मी मुलांना सांगायचो की याला पुरावा नाही. पण गावातला एकही बोर आबाच्या पावलांशिवाय पडलेला नव्हता. तो कुणाकडून काही घेत नसे. घरचा चहा तेवढा प्यायचा. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. नाल्याच्या काठाला दोन खोल्यांत एकटा राहायचा.

सकाळी ऊन चढायच्या आत तो आला. चपला धुऱ्यावर काढल्या. पूर्वेच्या कोपऱ्यापासून चालत निघाला, मागे लता हातात चुन्याची पिशवी घेऊन, तिच्या मागे मी हाताची घडी घालून. पश्चिमेच्या बाजूला, निंबाच्या झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर, आबा थांबला. नारळ त्याच्या हातावर उभा राहिला. मी पाहिलं. कशामुळं ते मला आजही सांगता येत नाही, हाताच्या शिरेमुळं असेल. लता चुना टाकायला वाकली.

"राहू दे बाई," आबा म्हणाला. "खूण करू नको."

"काऊन आबा? पाणी नाही का?"

"पाणी आहे."

"मग?"

"आहे म्हणूनच म्हणतो. मी आता पाणी दाखवत नाही."

त्याने नारळ धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि निंबाखाली बसला. लताने चहा ओतून दिला. तो प्याला आणि माझ्याकडं पाहून म्हणाला, "चाल मास्तर, तुले काही दाखवाचं आहे."

त्या सकाळी त्याने मला सगळं शिवार फिरवलं. पण वावरं दाखवली नाहीत, मेलेले बोर दाखवले. मला माहीत नव्हतं ते इतके आहेत. आपण रस्त्याने जातो, त्यामुळं ते दिसत नाहीत. बाभळीच्या आड, धुऱ्याच्या कडेला, गोठ्याच्या मागे. कुठं लोखंडी पाइपाच्या तोंडात काटेरी फांदी कोंबलेली, कुठं वर दगड. एकावर कुणा बाईने जुनी परात उलटी घालून तिच्यावर धोंडा ठेवला होता, खेळता खेळता लेकरू आत जाऊ नये म्हणून. आबा प्रत्येक ठिकाणी थांबायचा आणि ओळख करून द्यावी तसं बोलायचा.

"हा माह्या लग्नाच्या साली. साठ फुटावर लागलं होतं. गुलाल उधळला होता लोकायनं."

थोडं पुढं गेल्यावर, "हा दोनशेचा."

नाल्यापलीकडं, "हा साडेचारशेचा. दोन उन्हाळे चालला."

त्या शेवटच्यावरचा दगड त्याने सरकवला आणि मला एक खडा दिला. "टाक." मी टाकला. आम्ही दोघं वाकून ऐकत राहिलो. इतका वेळ काहीच आलं नाही की मला वाटलं खडा मध्येच कुठं अडकला. मग फार खोलवरून एक टक असा कोरडा आवाज आला.

"सगळे माह्याच हातचे," आबा म्हणाला. "दर खेपेला लोक माह्या पाया पडले. मीही समजलो, मी पाणी देऊन राह्यलो. आता समजते मास्तर, मी काही देत नव्हतो. पोट्ट्यायच्या ताटातलं उचलून बापायच्या ताटात वाढत होतो."

मी विज्ञानात पदवी घेतलेला माणूस. भूजलाची पातळी, खडकाच्या भेगा, पाझर, सगळं फळ्यावर काढलेलं. पण इतकं सरळ वाक्य माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तरी मला पटलं असं नाही. घरी येताना मी मनात आकडेमोड करत होतो, आबाशिवाय जागा कशी ठरवायची याची.

दुसऱ्या दिवशी अखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडं अखाजीला गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. नवी मातीची घागर, वर खरबूज, आंबे, पुरणपोळी, आमरस, कुरडया. वाडवडिलांना उन्हाळ्यात तहान लागते, म्हणून वर्षातून एकदा त्यांना गार पाणी. लता सकाळी विहिरीवर गेली. मोटार लावून उपयोग नव्हता, म्हणून तिने दोर सोडला, आणि दोर पुरेना तेव्हा त्याला दुसरा जोडला. आलेलं पाणी गढूळ होतं. तिने ते धुतलेल्या कापडातून दोनदा गाळलं. घागरीवर खरबूज ठेवताना ती मध्येच थांबली.

"मामंजींना गढूळ पाणी द्यावं लागून राह्यलं," ती म्हणाली. मी समोर पाटावर बसलो होतो. "अवो, आपण गेल्यावर आपली घागर भरनाऱ्यानं ती कशानं भराची?"

मी म्हटलं, "भरतीन कशानं तरी."

"कशानं?"

आमरसाची वाटी तशीच राहिली. मला आठवतं, त्या क्षणी मला पहिल्यांदा जाणवलं की गेलेल्यांना पाणी द्यायचा आपल्याकडं सण आहे, आणि येणाऱ्यांना पाणी द्यायचा नाही. जे गेले त्यांची नावं आपल्याला माहीत असतात, चेहरे माहीत असतात, म्हणून त्यांच्यासाठी हात आपोआप पुढं होतो. जे यायचे आहेत ते आपल्याला दिसत नाहीत. त्यांना मागता येत नाही, रागावता येत नाही, आपल्या दारी येऊन बसता येत नाही. जगातल्या सगळ्या दुबळ्या माणसांत तेच सगळ्यांत दुबळे. त्यांचं म्हणणं मांडायला आपल्यापैकीच कुणाला तरी उठावं लागतं.

तिसऱ्या दिवशी बोरची गाडी आली. दोन अवजड ट्रक, एकावर उंच मनोरा, दुसऱ्यावर कॉम्प्रेसर. गाडीवरची पोरं दूर दक्षिणेकडची होती. उतरल्या उतरल्या त्यांनी आमच्या निंबाखाली चूल मांडून भात चढवला. त्यांना मराठी येत नव्हती, पण 'पाणी' हा शब्द येत होता. त्यातला एक माझ्याकडं पाहून हसला आणि जमिनीकडं बोट करून म्हणाला, "पाणी?"

गाडी आली की गाव जमतं. पाऊणशे माणसं आमच्या धुऱ्यावर उभी होती. कुणीतरी आबालाही बोलावून आणलं होतं. प्रल्हाद त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"आबा, दोन्ही जागा दाखवा. गाडी थांबून आहे."

"नाही रे बाप्पा."

"काऊन नाही?"

"आता पुरे झालं. थोडं खाली राहू द्या, मांगून येणाऱ्यायले."

प्रल्हादचा आवाज चढला. रागात त्याचा 'तुम्ही' गळून पडला. "तुले ना लेकरू ना बाळ. तुले कोणाची फिकीर पडली एवढी?"

चुलीवरचा भात खदखदत होता तेवढाच आवाज. मला वाटलं आबा उठून जाईल. तो बसूनच राहिला, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "म्हणूनच तं. ज्याले लेकरं आहेत त्याले आपलीच दिसतात. मले एकही नाही, मले सगळ्यायचीच दिसतात."

प्रल्हाद क्षणभर चाचरला, पण तो खरं बोलणारा माणूस आहे, त्याने मनातलं पुढं मांडलं. "आणि हे आभाळ कोणं बिघडवलं? आपण का? आपल्या गावात धूर आहे तो चुलीचा. कारखाने दुसऱ्यायचे, गाड्या दुसऱ्यायच्या, आणि तहानेलं मराचं आपण? दादा, तुम्ही मास्तर आहात, तुम्ही सांगा हे बरोबर आहे का?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. प्रश्न खरा होता. पण खरं सांगायचं तर मी गाडीवाल्याला हो म्हणायच्या बेतात होतो. मिरची समोर दिसत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात लता पुढं आली. डोक्यावरचा पदर तिने घट्ट केला आणि चारचौघांत मला विचारलं, जसा एखादा विद्यार्थी विचारतो तसं.

"अवो, साडेपाचशे फुटावरचं पाणी किती वर्षांचं असते?"

"नक्की नाही सांगता येत," मी म्हटलं. "आपल्या खापरपणजोबाच्या आधी मुरलेलंही असू शकते."

"आणि आपण काढून घेतलं तं परत भराले?"

"तेवढाच वेळ लागू शकते."

"आणि मिरची किती महिन्यांची?"

तिला उत्तर माहीत होतं.

"मंग आमच्या वावरात गाडी लावू नका," ती म्हणाली. "अर्धा एकर जगवू आम्ही. बाकीची जाऊ द्या."

प्रल्हादने आबाशिवायच स्वतःच्या वावरात गाडी लावली. दुपारभर जमीन हादरत होती. पिठासारखी पांढरी धूळ उडून आमच्या मिरचीवर बसली. उन्हं कलताना त्या धुळीचा चिखल झाला, आणि मग मनोऱ्याखालून पाण्याचा फवारा उठला. चांगलं दोन इंची पाणी लागलं. गुलाल उडाला. त्या वर्षी प्रल्हादची मिरची गावात सगळ्यांत चांगली झाली. हे लपवून मला चालणार नाही. जे योग्य केलं त्याचं बक्षीस लगेच मिळतं आणि जे अयोग्य त्याची शिक्षा लगेच होते असं जग असतं, तर योग्य वागायला कुणाला हिंमत लागलीच नसती.

संध्याकाळी लता दीड एकराच्या ठिबकचा कॉक बंद करायला गेली. मी मागे होतो. तिने हात ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही करा." मी फिरवला. नळ्यांतून शेवटचे थेंब पडेपर्यंत आम्ही तिथं उभे होतो. पहिले तीन-चार दिवस ती रोपं दहा वाजता माना टाकायची आणि दिवस कलला की पुन्हा उठायची. मग उठेनाशी झाली. चंदेरी कागदावर करड्या रंगाच्या काड्या राहिल्या. लता आठ दिवस त्या बाजूला फिरकली नाही. त्या उन्हाळ्यातल्या लग्नांत पंगतीला बसलं की कुणीतरी हमखास म्हणायचं, "मास्तर, पाणी घ्या, का तेही पुढच्यांसाठी ठेवता?" लोक हसायचे, मीही हसायचो. हसताना कान तापायचे.

पण त्या दिवसांतच माझ्यात काहीतरी बसलं. पाया भरताना दगड बसतो तसं. प्रल्हादच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या काड्यांकडं पाहत पाहत मिळालं. आभाळ आम्ही बिघडवलं नाही, हे खरं. ज्यांनी बिघडवलं त्यांना जाब विचारलाच पाहिजे, आणि मी माझ्या वर्गात आता तो मोठ्याने विचारतो. पण दुसऱ्याचं पाप मोठं आहे म्हणून माझ्या हातातलं पाणी माझ्या मालकीचं होत नाही. माझ्या हाताखाली जे आहे त्याचा जबाबदार मीच. आणि स्वतःचं काम केलेल्या माणसाला दुसऱ्याकडं मान वर करून बघता येतं. हे मी हताश होऊन म्हणत नाही. हे मला कळलं तेव्हा हलकं वाटलं.

ज्येष्ठात एके सकाळी आबा दारात हजर. हातात नारळ.

"चाल मास्तर. पाणी काढाचं दाखवलं जन्मभर, आता घालाचं पाहू."

त्याचा बेत असा होता की पावसाचं पळतं पाणी कुठं अडवलं तर मुरेल, ती जागा शोधायची. मी गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी आणली, तिने जमिनीची पातळी काढता येते. मी नळी धरून उतार मोजायचो, आबा नारळ घेऊन चालायचा. गंमत म्हणजे माझी नळी जिथं सांगायची तिथंच बहुतेक वेळा त्याचा नारळ उभा राहायचा. मी म्हटलं, "आबा, तुम्ही माझ्या नळीकडं पाहून नारळ उभा करता." तो म्हणाला, "हाव. पण लोक तुह्या नळीले पाहत नाहीत ना!" आणि दिलखुलास हसला. खरं होतं ते. मी आकृत्या काढून सांगितलं असतं तर एकानेही फावडं उचललं नसतं. आबाचा नारळ उभा राहिला म्हणून चार घरं आली. आम्ही धुऱ्याला लागून चर खणले, विहिरींच्या शेजारी खड्डे करून दगड-गोट्यांनी भरले, म्हणजे वावरातलं पाणी गाळून विहिरीत उतरेल. हाताला फोड आले. लताच्या हाताला आले नाहीत, यावरून ती मला बरेच दिवस चिडवत होती.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस पुन्हा तसाच वेडावाकडा आला, पण यावेळी त्याला थांबायला जागा होती. आमची विहीर वैशाखाच्या शेवटापर्यंत टिकली. चमत्कार नाही, तेवढंच. पण ते बघायला माणसं यायची, काठावरून वाकून पाहायची. चारांची अकरा घरं झाली. तिसऱ्या उन्हाळ्यात प्रल्हादचा बोर फुफाटा सोडायला लागला. एका सकाळी तो ट्रॉली भरून दगड घेऊन आला. ट्रॅक्टर चालू ठेवूनच त्याने विचारलं, "दादा, कुठं टाकू?" मी जागा दाखवली. इतकंच आमचं बोलणं झालं, आणि ते पुरेसं होतं.

मग ग्रामसभेत ठराव झाला. शेतीसाठी नवा खोल बोर मारायचा नाही, आणि प्रत्येक विहिरीशेजारी दगडाचा खड्डा करायचा. ग्रामसेवकाने वही उघडून विचारलं, "ठराव कोणाच्या मागणीवरून, काय लिहू?"

आबा मागून म्हणाला, "जे आजून जन्माले नाही आले त्यायच्या."

ग्रामसेवक हसला, त्याने मान हलवली आणि लिहिलं. सभा संपल्यावर आबाने मला वाचून दाखवायला सांगितलं, त्याला अक्षरओळख नव्हती. मी जरा घुटमळलो. तिथं लिहिलं होतं, 'ग्रामस्थांच्या मागणीवरून.' मी तसंच वाचलं.

आबाने थोडा विचार केला. "बरोबर लिहिलं त्यानं," तो म्हणाला. "तेही ग्रामस्थच."

आबा गेल्याला आता तिसरं वर्ष आहे. झोपेतच गेला, कुणाला त्रास न देता. त्याला अग्नी द्यायला कोण, असा प्रश्न आला तेव्हा प्रल्हाद पुढं झाला.

वर्गात तो धडा मी अजून शिकवतो. पांढरं अस्वल अजून तिथंच उभं आहे. पण आता मी पुस्तक मिटतो आणि मुलांना घेऊन शिवारात जातो. मेलेले बोर दाखवतो, भरलेले खड्डे दाखवतो. मुलं विचारतात, "सर, मंग वाचंन का आपलं गाव?" मी म्हणतो, "वाचंन." मी धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही. माणसं बदलताना मी पाहिली आहेत, माझ्यासकट. आभाळ रुसलेलं असताना एखादं गाव पाण्याशी वागायची पद्धत बदलू शकतं, तर जगालाही ते अवघड नाही. जग म्हणजे तरी काय, अशीच गावं, अशीच शहरं, आणि त्यांत कुठंतरी उठून 'नाही' म्हणणारा एखादा माणूस.

परवा रोपं घेऊन धाडहून परतलो तेव्हा ऊन उतरत होतं. आमच्या विहिरीवर गर्दी दिसली. टेकडीपलीकडच्या वाडीवरच्या बाया होत्या. तिथली विहीर कोरडी पडून पंधरा दिवस झाले होते, टँकर आलाच नव्हता. प्लॅस्टिकच्या कॅन, हंडे, दुधाची एक रिकामी किटली. एका पोरीच्या कडेवर तान्हं होतं, ऊन लागू नये म्हणून पदराखाली झाकलेलं. त्यांच्यापुढं आमच्याच गावातले दोघं-तिघं जण उभे होते आणि आवाज चढलेले होते. त्यातला एक लताला म्हणाला, "काकू, आपण उपाशी राहून ठेवलं हे पाणी. दीड एकर मिरची वाळवली तुम्ही. यायच्यासाठी ठेवलं होतं का?"

लताने त्या बायांकडं पाहिलं. सगळ्या खाली बघत होत्या.

"कोणासाठी ठेवलं, हे आपण तव्हा कुठं ठरवलं होतं?" ती म्हणाली.

मग ती मोटारीच्या खोलीत गेली. बटन दाबल्याचा आवाज आला, पाइप एकदा हलला, आणि पाणी आलं. तान्हं घेतलेली पोरगी सगळ्यांत पुढं होती. लताने तिच्या हातातली कॅन घेतली आणि धारेखाली धरली.